महाराष्ट्रातील दहशतवादविरोधी कायदे व त्यांचे परिणाम

दहशतवादी कृत्यांचा तपास, आरोपींची कोठडी, जामीन व पुरावा यांसंबंधी सर्वसाधारण फौजदारी कायद्यापेक्षा वेगळे व अधिक कडक नियम घालून देणारे अनेक केंद्रीय आणि राज्यस्तरीय कायदे १९८५ पासून महाराष्ट्रात लागू झाले. टाडा, पोटा, मोक्का आणि यूएपीए हे त्यांपैकी प्रमुख होत. मुंबई, मालेगाव व पुणे येथील बॉम्बस्फोट, २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला आणि गडचिरोलीतील नक्षलवादी हिंसाचार यांमुळे या कायद्यांचा वापर महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झाला. काही खटल्यांत गुन्हेगारांना शिक्षा झाल्या. काही खटले मात्र दीड-दोन दशकांनंतर पुराव्याअभावी कोसळले. अशा खटल्यांत निर्दोष ठरलेल्या व्यक्तींची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली आणि स्फोटांत आप्त गमावलेल्या कुटुंबांना खरा गुन्हेगार कोण, या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.

कायद्यांचा इतिहास

टाडा : दहशतवादी व विघटनकारी कारवाया (प्रतिबंधक) कायदा प्रथम १९८५ मध्ये पंजाबातील परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर दोन वर्षांसाठी करण्यात आला आणि १९८७ मध्ये नव्याने संमत झाला. हळूहळू तो देशाच्या बहुतांश भागांत लागू झाला. १९९४ मध्ये 'करतार सिंग विरुद्ध पंजाब राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची वैधता मान्य केली. त्याच वर्षी 'हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या वसईशी संबंधित खटल्यात न्यायालयाने सामान्य गुन्ह्यांना टाडा लावण्याच्या प्रवृत्तीवर मर्यादा घातली. गुन्हा कितीही गंभीर असला तरी तेवढ्याने तो दहशतवादी ठरत नाही, असा या निर्णयाचा आशय होता. देशभरात या कायद्याखाली ७५ हजारांहून अधिक लोकांना अटक झाली, परंतु दोषसिद्धीचे प्रमाण अत्यल्प राहिले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्रा यांनी या कायद्याला मुदतवाढ देऊ नये, असे आवाहन खासदारांना केले. मे १९९५ मध्ये टाडाची मुदत संपली.

मोक्का : महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा २४ फेब्रुवारी १९९९ रोजी अध्यादेशाच्या रूपाने आला. खंडणी, सुपारी घेऊन खून आणि टोळीयुद्धे यांनी त्रस्त झालेल्या मुंबईसाठी त्याची रचना होती. तथापि संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत बंडखोरीला चालना देण्याचाही समावेश असल्याने पुढे बॉम्बस्फोटांच्या खटल्यांतही तो लावला गेला. कर्नाटक व गुजरात या राज्यांनी याच धर्तीवर कायदे केले, तर दिल्लीत मोक्काच लागू करण्यात आला.

पोटा : अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३७३ संमत करून सर्व सदस्यराष्ट्रांना दहशतवादाविरुद्ध कायदेशीर उपाय योजण्यास सांगितले. भारतात ऑक्टोबर २००१ मध्ये पोटाचा अध्यादेश निघाला आणि मार्च २००२ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत त्याचा कायदा झाला. गैरवापराच्या तक्रारींमुळे २००४ मध्ये तो रद्द करण्यात आला.

यूएपीए : बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) कायदा मूळचा १९६७ चा आहे. पोटा रद्द होताना, २००४ मध्ये, दहशतवादी कृत्यांविषयीची कलमे त्यात घालण्यात आली. २००८, २०१२ व २०१९ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. २०१९ च्या दुरुस्तीने केवळ संघटनेलाच नव्हे तर एखाद्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार केंद्र शासनाला मिळाला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दहशतवादी कृत्य व संघटित गुन्हेगारी यांविषयी स्वतंत्र कलमे आहेत. त्यामुळे पूर्वी केवळ विशेष कायद्यांत असलेल्या या संकल्पना आता सर्वसाधारण फौजदारी कायद्याचा भाग झाल्या आहेत. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने 'महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक' संमत केले. संघटना बेकायदेशीर घोषित करण्याची तरतूद असलेल्या या विधेयकावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या होत्या.

सर्वसाधारण कायद्याहून असलेले वेगळेपण

या कायद्यांचे परिणाम समजून घेण्यासाठी तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

* कबुलीजबाब : सर्वसाधारण पुरावा कायद्यानुसार पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. मारहाण वा धमकीने कबुली मिळवली जाऊ नये, हा त्यामागील हेतू आहे. टाडा, पोटा व मोक्का यांनी पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरील कबुली ग्राह्य ठरवली. यूएपीएमध्ये अशी तरतूद नाही.
* कोठडीची मुदत : एरवी ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल न झाल्यास आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. विशेष कायद्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते.
* जामीन : यूएपीएच्या कलम ४३-ड (५) नुसार आरोप प्रथमदर्शनी खरा वाटत असल्यास न्यायालयाला जामीन देता येत नाही. मोक्कामध्ये आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी आधार आहे, याबद्दल न्यायालयाची खात्री व्हावी लागते. परिणामी खटला सुरू होण्यापूर्वीचा काळच शिक्षेसारखा दीर्घ होतो.

प्रमुख खटले

मुंबई बॉम्बस्फोट, १९९३

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी स्फोटांत २५७ जण मृत्युमुखी पडले. स्फोटके रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथील किनाऱ्यांवर उतरवण्यात आली होती. टाडाखाली १२३ आरोपींवर खटला चालला. न्या. प्र. द. कोदे यांच्या विशेष न्यायालयाने २००६-०७ मध्ये १०० जणांना दोषी व २३ जणांना निर्दोष ठरवले. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याकूब मेमन याची फाशी कायम ठेवली आणि अन्य १० जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. मेमन याला ३० जुलै २०१५ रोजी नागपूर येथे फाशी देण्यात आली. टाडाखाली मोठ्या प्रमाणावर दोषसिद्धी झालेला हा देशातील सर्वांत महत्त्वाचा खटला मानला जातो. पोलिसांसमोरील कबुलीजबाबांचा त्यात मोठा वाटा होता. विशेष कायद्यांचे समर्थक याच खटल्याचा दाखला देतात.

घाटकोपर स्फोट आणि ख्वाजा युनूस प्रकरण

२ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर येथे बेस्टच्या बसमध्ये झालेल्या स्फोटानंतर पोटाखाली अटक झालेल्यांत मूळचा परभणीचा व दुबईत नोकरी करणारा ख्वाजा युनूस हा अभियंता होता. जानेवारी २००३ मध्ये तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना पोलीस वाहनाला अपघात होऊन तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. कोठडीत त्याला बेदम मारहाण झाल्याचे सहआरोपींचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाच्या आदेशाने गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला व चार पोलिसांवर आरोप ठेवण्यात आले. घाटकोपर खटल्यातील आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. युनूसचा मृतदेह मात्र कधीच सापडला नाही. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या आईला एकूण २० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. या प्रकरणातील निलंबित पोलिसांना २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेण्यात आले.

याच कायद्याखालील दुसऱ्या खटल्याचा निकाल वेगळा लागला. २५ ऑगस्ट २००३ रोजी गेटवे ऑफ इंडिया व झवेरी बाजार येथे झालेल्या स्फोटांत ५० हून अधिक लोक मरण पावले. या खटल्यात पोटा न्यायालयाने २००९ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली व २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

मालेगाव, २००६ व २००८

८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात झालेल्या स्फोटांत ३० हून अधिक जण मरण पावले. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) नऊ मुस्लिम तरुणांना अटक करून मोक्का लावला. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) तपासात या आरोपींविरुद्ध पुरावा नसल्याचे पुढे आले व संशयाचा रोख दुसऱ्याच गटाकडे वळला. २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोपर्यंत त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू झाला होता.

२९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावच्या भिक्कू चौकातील स्फोटात सहा जण मरण पावले. हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालील एटीएसने या प्रकरणी साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आदींना अटक केली. मोक्का लागू होतो की नाही, हा वाद विशेष न्यायालय, उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय असा अनेक वर्षे चालला. २०१६ मध्ये एनआयएने मोक्काचा आग्रह सोडला. त्यामुळे त्या कायद्याखाली नोंदवलेले कबुलीजबाब पुरावा म्हणून उरले नाहीत. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

या दोन्ही खटल्यांतील आरोपी वेगवेगळ्या धर्मांचे होते, परंतु दोन्ही ठिकाणी मृतांच्या नातेवाइकांच्या हाती निश्चित असे काही आले नाही.

मुंबई उपनगरी रेल्वे स्फोट, २००६

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. १८० हून अधिक प्रवासी मरण पावले व ८०० च्या आसपास जखमी झाले. एटीएसने १३ जणांना अटक केली. मोक्कातील 'बंडखोरीला चालना' या शब्दांना घटनात्मक आव्हान दिले गेल्याने २००८ ते २०१० या काळात खटला स्थगित राहिला. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप सुनावली. एका शाळाशिक्षकाची नऊ वर्षांच्या कारावासानंतर निर्दोष मुक्तता झाली.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उर्वरित १२ जणांचीही दोषसिद्धी रद्द केली. कबुलीजबाब छळ करून घेतल्याची शक्यता आणि त्यांतील मजकुराचे एकमेकांशी असलेले साम्य, ओळख परेडमधील त्रुटी, तसेच जप्त वस्तूंच्या जतनातील हलगर्जी यांवर न्यायालयाने बोट ठेवले. एका आरोपीचा २०२१ मध्ये तुरुंगातच मृत्यू झाला होता. राज्य शासनाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरला जाऊ नये, असा अंतरिम आदेश दिला. सुटका झालेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात जाण्यास सांगितले नाही.

२६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला

या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी स्वतःचा जीव देऊन अजमल कसाबला जिवंत पकडून दिले. या खटल्यात मोक्का लावण्यात आला नाही. प्रत्यक्ष साक्षीदार, छायाचित्रे, कॅमेऱ्यांतील चित्रण आणि दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेला जबाब यांवर तो उभा होता. मे २०१० मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर सुमारे दीड वर्षात, विशेष न्यायालयाचा निकाल लागला. कसाबला फाशी झाली, तर दोन भारतीय सहआरोपींची पुराव्याअभावी मुक्तता करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये दोन्ही गोष्टी कायम ठेवल्या. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात कसाबला फाशी देण्यात आली.

नक्षलवाद व एल्गार परिषद प्रकरण

दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना गडचिरोलीतील यूएपीए प्रकरणी मे २०१४ मध्ये अटक झाली व २०१७ मध्ये जन्मठेप सुनावण्यात आली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये त्यांना खटल्याच्या मंजुरीतील दोषामुळे मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून फेरसुनावणीस सांगितल्यावर ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने पुन्हा निर्दोषत्वाचाच निकाल दिला. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला साईबाबा यांचे निधन झाले. त्यांचे सहआरोपी पांडू नरोटे यांचा २०२२ मध्ये कारावासातच मृत्यू झाला होता.

३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यातील शनिवारवाड्यावर भरलेली एल्गार परिषद आणि दुसऱ्या दिवशीचा कोरेगाव भीमा येथील हिंसाचार यांच्या तपासात १६ लेखक, वकील, अभ्यासक व कार्यकर्त्यांना यूएपीएखाली अटक झाली. जानेवारी २०२० मध्ये तपास एनआयएकडे गेला. आरोपींपैकी ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांचा ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची प्रतीक्षा करीत असताना मृत्यू झाला. जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन आरोपींना जामीन देताना त्यांच्याविरुद्धच्या पुराव्याच्या गुणवत्तेचा विचार केला. जानेवारी २०२५ मध्ये आणखी दोघांना उच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा अटकेला साडेसहा वर्षे होऊनही आरोपनिश्चिती झालेली नव्हती.

गडचिरोलीत खटल्यांबरोबरच १९९० पासून 'सी-६०' हे स्थानिक तरुणांचे पोलीस पथक आणि २००५ पासून आत्मसमर्पण योजना राबवली जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह येथे शस्त्रे खाली ठेवली.

कोल्हापूर जिल्हा

ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते व लेखक गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या व २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. विशेष तपास पथकाकडील तपास ऑगस्ट २०२२ मध्ये एटीएसकडे सोपवण्यात आला. जानेवारी २०२३ मध्ये कोल्हापूर येथील न्यायालयात आरोपनिश्चिती झाली. खटला लांबल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सहा आरोपींना जामीन दिला. पुण्यातील डॉ. नरेंद्र दाभोलकर खून खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, परंतु त्यातील यूएपीएचे आरोप टिकले नाहीत.

कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात १९९३ च्या खटल्यातील जन्मठेपेचे कैदीही ठेवण्यात आले होते. त्यांपैकी एकाची जून २०२४ मध्ये अन्य कैद्यांनी कारागृहातच हत्या केली.

संस्था व दैनंदिन जीवन

राज्याचे दहशतवादविरोधी पथक २००४ मध्ये स्थापन झाले. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. २००९ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र व राज्याचे 'फोर्स वन' हे पथक सुरू झाले. राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने हल्ल्याच्या वेळच्या पोलीस यंत्रणेतील उणिवांचा अभ्यास केला.

या धोरणांचा स्पर्श सामान्य व्यवहारांनाही झाला. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांना बोटांच्या ठशांसह ओळखपत्रे देण्यात आली. मुंबईत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे घरमालकांवर बंधनकारक झाले. अनेक स्फोटांत अमोनियम नायट्रेटचा वापर झाल्याने २०१२ मध्ये त्याच्या साठ्यासाठी, विक्रीसाठी व वाहतुकीसाठी परवान्याचे नियम आले आणि खाणी व सुरुंगकाम करणाऱ्यांना ते पाळावे लागतात.

आंतरराष्ट्रीय परिणाम

देशांतर्गत कायद्यांचे स्वरूप आरोपींच्या प्रत्यार्पणावरही परिणाम करते. अबू सालेम याला पोर्तुगालने नोव्हेंबर २००५ मध्ये भारताच्या स्वाधीन केले, ते फाशी किंवा २५ वर्षांहून अधिक कारावास होणार नाही, या लेखी हमीवर. हमीबाहेरचे आरोप लावल्याबद्दल लिस्बनच्या न्यायालयाने २०११ मध्ये भारताविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर काही आरोप मागे घ्यावे लागले. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हमी केंद्र शासनावर बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले.

पश्चिम बंगालमधील पुरुलिया शस्त्रप्रकरणातील आरोपीला भारतात छळ होण्याची भीती असल्याचे मानून डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये प्रत्यार्पण नाकारले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली असली तरी त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. विधी आयोगाने २०१७ मध्ये तशी शिफारस केली होती. दुसरीकडे, मुंबई हल्ल्याच्या कटातील आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतील दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणण्यात आले.

समर्थन व टीका

विशेष कायद्यांच्या समर्थकांच्या मते दहशतवादी कट सीमेपलीकडे रचले जातात, साक्षीदार भीतीपोटी पुढे येत नाहीत आणि अशा गुन्ह्यांत नेहमीचा पुरावा मिळणे कठीण असते. तपासासाठी पुरेसा वेळ व अधिकार नसतील तर पुढील हल्ले रोखता येणार नाहीत, असे ते म्हणतात.

टीकाकारांचे म्हणणे असे की, कबुली सहज ग्राह्य ठरली की शास्त्रीय पुरावा शोधण्याचे कष्ट कमी होतात आणि अपिलात कबुली टिकली नाही तर खटल्यात काहीच उरत नाही. केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१६ ते २०२० या काळात यूएपीएखाली २४,१३४ जणांवर कारवाई झाली. त्याच काळात २१२ जण दोषी व ३८६ जण निर्दोष ठरले. उर्वरितांपैकी बहुसंख्यांचे खटले प्रलंबित होते. २०२१ मध्ये 'के. ए. नजीब' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल तर कलम ४३-ड (५) असूनही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे म्हटले.

भरपाईचा प्रश्न

दहशतवादी हिंसाचारात मृत्यू पावलेल्या नागरिकांच्या कुटुंबांसाठी केंद्र शासनाची साहाय्य योजना २००८ पासून आहे. प्रारंभी तीन लाख रुपये असलेली रक्कम पुढे पाच लाख करण्यात आली. चुकीच्या खटल्यामुळे वर्षानुवर्षे तुरुंगात राहिलेल्या व्यक्तीसाठी मात्र अशी कायदेशीर तरतूद नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात अशा व्यक्तींना भरपाई मिळण्यासाठी स्वतंत्र कायदेशीर व्यवस्थेची शिफारस केली. खटला कोसळल्यानंतर मूळ गुन्ह्याचा तपास नव्याने सुरू करण्याची कोणतीही नियमित यंत्रणाही अस्तित्वात नाही. त्यामुळे मृतांच्या कुटुंबांना शासनाच्या किंवा स्वतःच्या अपिलावरच अवलंबून राहावे लागते.